पाटी कोणती, नक्षी कोणती

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात, व्हाइट माउंटन्सच्या कुशीत, कॉनवे नावाचं पर्यटकांचं गाव आहे. तिथल्या लेव्हिट्स कंट्री बेकरीच्या दर्शनी भागावर २०२२ च्या जूनमध्ये एक चित्र चढलं. ते हायस्कूलच्या मुलांनी रंगवलं होतं. चित्रात डोंगरांची रांग आणि तिच्यामागून वर येणारा सूर्य. नीट पाहिलं की लक्षात येतं, हे डोंगर म्हणजे चॉकलेटचा आणि स्ट्रॉबेरीचा थर दिलेले डोनट, मफिन आणि दालचिनीचे रोल आहेत. दुकानाच्या पाटीला गावाच्या नियमात जेवढं क्षेत्रफळ मिळतं, त्याच्या चौपट जागा या चित्रानं घेतली होती. गावच्या अधिकाऱ्यांनी कळवलं, की ही पाटी आहे, कारण चित्रात जे दिसतं तेच आत विकलं जातं. खरेखुरे डोंगर काढले असते, तर हरकत नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ च्या मे महिन्यात संघीय न्यायाधीशांनी बेकरीच्या बाजूनं निकाल दिला.

कॉनवेचे अधिकारी हट्टी होते म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात गावानं मंजूर केलेली एक व्याख्या होती आणि ती त्यांनी शब्दशः लावली. अडचण व्याख्येतच होती. शोभेसाठी केलेलं काम आणि धंद्यासाठी लावलेली पाटी यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न जगभरातल्या नगरपालिकांना सतावतो आहे, आणि त्याला दोन बाजू आहेत. इमारतीची कमान, मनोरा, शिल्प, भिंतीवरचं चित्र, छपराची कड यांना पाटी म्हणून मोजायचं का, ही पहिली बाजू. पाटीनं त्या कमानीला, शिल्पाला, छपराच्या कडेला झाकायचं का, ही दुसरी. अमेरिकेत सगळी बुद्धी पहिल्या बाजूवर खर्च झाली. आपल्याकडे दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारच थोड्यांनी पाहिलं. माझं मत आधीच सांगून टाकतो: नक्षीचा अर्थ काय, हे शोधण्याच्या भरीला नियमानं पडू नये. नियमानं इमारतीपासून सुरुवात करावी, मोजमाप करावं आणि थांबावं.

पाट्यांवर बंधन घालण्याचा अधिकार अमेरिकेत गावागणिक वेगळा वापरला जातो. सौंदर्य हा सार्वजनिक हिताचा भाग होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात मान्य केलं. तो खटला वॉशिंग्टनमधल्या वस्तीच्या पुनर्विकासाचा होता, पण पुढे पाट्यांच्या नियमांनाही त्याचा आधार मिळाला. १९६५ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या आग्रहातून महामार्गांच्या सुशोभीकरणाचा कायदा झाला आणि रस्त्याकडेच्या होर्डिंगना चाप बसला. गावागावांच्या नियमावल्या याच वातावरणात वाढल्या. त्यांतली 'पाटी'ची व्याख्या सहसा अतिशय ऐसपैस असते: शब्द, अंक, आकृती, रंग, चिन्ह, प्रकाश, लक्ष वेधून घेणारी कुठलीही वस्तू. एवढं मोठं जाळं टाकलं की नको ते मासेही त्यात सापडतात. चर्चचा क्रॉस, झेंडा, खिडकीभोवतीची नक्षी, इमारतीवर कोरलेलं बांधकामाचं वर्ष, सगळंच पाटी ठरू लागतं. मग सुटीची यादी जोडावी लागते.

त्या यादीत एक कलम वारंवार भेटतं. एका गावानं दुसऱ्याचं पाहून उचललेलं, शब्द थोडे इकडेतिकडे केलेलं. मथितार्थ असा, की इमारतीची अविभाज्य शोभेची किंवा वास्तूची अंगं पाटी मानली जाणार नाहीत, मात्र त्यांच्यावर अक्षरं, व्यापारचिन्ह, हलणारे भाग किंवा दिवे नसावेत. वाचताना हे अगदी समंजस वाटतं. त्यातली एकेक अट तपासली, की ती कुठे टिकते आणि कुठे तुटते ते दिसतं.

आधी 'अविभाज्य' घेऊ. काढून टाकलं तर इमारत अपुरी राहील असं जे, ते अविभाज्य, असा साधा अर्थ लावता येईल. आता मॅकडोनल्ड्सच्या कमानींचा इतिहास पाहा. १९५३ साली स्टॅन्ली मेस्टन या वास्तुकारानं त्यांच्या दुकानांचा जो नमुना आखला, त्यात दोन्ही अंगांनी छपराच्या वर झेपावणाऱ्या दोन पिवळ्या कमानी होत्या. त्याच वर्षी बांधलेलं कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथलं दुकान आजही उभं आहे. तिथे त्या कमानी इमारतीचाच भाग आहेत. पण त्या दोन कमानी एका विशिष्ट कोनातून एकमेकींत गुंतलेल्या दिसायच्या आणि १९६० च्या दशकात त्याच आकृतीचं बोधचिन्ह झालं. पुढे दुकानांवर उतरती छपरं आली, इमारतीवरच्या कमानी गेल्या आणि खांबावरचं चिन्ह उरलं. म्हणजे आधी वास्तू होती, तिच्यातून चिन्ह जन्मलं आणि चिन्ह लोकप्रिय झाल्यावर मूळ वास्तूही चिन्हासारखी दिसू लागली. 'अविभाज्य'ची कसोटी अशा वेळी उत्तर देत नाही, कारण कमान दोन्ही आहे.

लाँग आयलंडवरचं 'बिग डक' हे याहून टोकाचं उदाहरण. १९३१ साली एका बदकपालकानं बदकं आणि अंडी विकण्यासाठी बदकाच्याच आकाराचं, साधारण वीस फूट उंच आणि तीस फूट लांब दुकान सिमेंटमध्ये उभारलं. रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनोर यांनी १९७२ साली 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' या पुस्तकात या बदकावरून एक अख्खी संकल्पना मांडली. त्यांनी इमारतींचे दोन प्रकार केले: एक म्हणजे बदक, जिथे आकारच सगळं बोलतो, आणि दुसरा सजवलेली शेड, जिथे साध्या खोक्यावर चिन्हं आणि पाट्या लावलेल्या असतात. पाट्यांच्या बहुतेक नियमावल्यांनी शेड गृहीत धरली आहे. त्यांच्या मते इमारत मुकी असते आणि बोलते ती पाटी. बदकाचं क्षेत्रफळ कसं मोजायचं? पंखासकट, चोचीसकट? आज हे बदक राष्ट्रीय वारसा यादीत आहे. हे दुकान आज कुणी नव्यानं उभं करायला निघालं, तर बऱ्याच गावांत त्याला परवानगी मिळणार नाही.

अक्षरं आणि व्यापारचिन्ह ही पुढची अट. इमारतीचं नाव, बांधकामाचं वर्ष, कोनशिला यांना बहुतेक ठिकाणी वेगळी सूट असते, म्हणजे अक्षरांची अट तिथेच शिथिल होते. चिन्हांचं काय? न्यूयॉर्कच्या, १९३० साली पुऱ्या झालेल्या क्रायस्लर बिल्डिंगवर एकतिसाव्या मजल्याच्या कोपऱ्यांवर त्या काळच्या क्रायस्लर मोटारींच्या रेडिएटरच्या टोपणांच्या प्रचंड प्रतिकृती आहेत. एका कंपनीच्या मालाची इतकी उघड प्रतिमा दुसरीकडे कुठे असेल? तरी ते नक्षीकाम नाही असं म्हणायला कुणीही धजावणार नाही. आणि हे फक्त न्यूयॉर्कचं नाही. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची मुद्रा दगडात कोरलेली आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ही वास्तू उभी केली आणि तिच्यावरचं बरंचसं कोरीव काम जे. जे. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. कंपनीचं चिन्ह, कंपनीच्या मुख्यालयावर, ठळक जागी. कलम शब्दशः लावलं तर ती पाटी आहे.

क्रॉफर्ड मार्केटची गोष्ट तर कॉनवेच्या बेकरीला थेट जाऊन भिडते. आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई १८६९ साली पुरी झाली. तिच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंगनं केली. त्यांत शेतकरी आहेत, गव्हाचं शेत आहे, कष्टाची माणसं आहेत. बाजारात जे विकलं जातं त्याचंच हे शिल्प. कॉनवेच्या नियमानं ही पाटी होईल, आणि तिचं क्षेत्रफळ मोजायला कुणीतरी टेप घेऊन शिडीवर चढेल. बाजाराच्या दारावर शेतकरी कोरणं ही वास्तुकलेची जुनी, सभ्य रीत आहे. इमारत आपल्या आत काय चालतं ते अंगावर सांगते, आणि वास्तू चांगली असेल तर ते नीट सांगते. चित्राचा आणि धंद्याचा संबंध जुळला की चित्र दोषी, या कसोटीत शहरांच्या सगळ्या चांगल्या इमारती अडकतात. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

रंग आणि दिवे यांच्याबद्दल थोडक्यात. ॲरिझोनातल्या सेडोना गावानं १९९३ साली मॅकडोनल्ड्सची कमान पिवळ्याऐवजी फिरोजी करायला लावली, कारण पिवळा रंग तिथल्या तांबड्या खडकांत डोळ्यांना खुपेल असं ठरलं. गावानं चिन्हाच्या अर्थात न जाता रंगावर बोट ठेवलं, आणि ते योग्य होतं. निऑनच्या नळ्यांनी छपराची कड आखली तर ती नक्षी की पाटी, यावर नियमावल्यांत एकमत नाही. कित्येक ठिकाणी अशी आखणी पाटीच्या क्षेत्रफळात धरतात. दुकानावरच्या कापडी छज्ज्याला आतून दिवे लावले तर तो अख्खा छज्जा पाटी ठरतो आणि दिवे नसतील तर फक्त त्यावरची अक्षरं मोजतात, असाही भेद सापडतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये तर १९८७ पासून नव्या इमारतींवर मोठ्या प्रकाशित पाट्या लावणं बंधनकारक आहे. म्हणजे तेच साधन उलट्या दिशेनंही वापरता येतं.

भिंतीवरच्या चित्रांचे खटले मात्र जरा सविस्तर पाहण्यासारखे आहेत. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरमध्ये मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानानं भिंतीवर मासे रंगवले. गावानं ती पाटी ठरवली आणि संघीय न्यायालयानं २००९ साली गावाला अडवलं. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये कुत्र्यांच्या पाळणाघरानं समोरच्या श्वानउद्यानाकडे तोंड असलेल्या भिंतीवर साधारण ९६० चौरस फुटांचं चित्र काढलं. त्यात कुत्री, हाडं, पंजांचे ठसे. काही कुत्री दुकानाच्या चिन्हातलीच होती. तिथे अपील न्यायालयानं २०१२ साली स्थानिक प्रशासनाची बाजू उचलून धरली. सेंट लुईसमधल्या एका इमारतीवर सक्तीच्या भूसंपादनाचा निषेध करणारं मोठं चित्र होतं. तिथल्या नियमात पाटीच्या व्याख्येतून काही गोष्टींना सूट होती: राष्ट्रीय आणि धार्मिक चिन्हं, कुठल्याही मालाची ओळख न देणारी कलाकृती वगैरे. २०११ साली अपील न्यायालयानं म्हटलं, की ही सूट मजकूर पाहून दिली जाते आणि असा भेद घटनेला मान्य नाही. तीन गावं, तीन भिंती आणि एकाच प्रश्नाची तीन उत्तरं.

२०१५ च्या जूनमध्ये रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट या खटल्यानं चित्र बदललं. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावात एक छोटी धर्मसंस्था रविवारच्या प्रार्थनेची जागा सांगणाऱ्या पाट्या लावत असे. गावाच्या नियमात वैचारिक पाटीला २० चौरस फूट, राजकीय पाटीला ३२ चौरस फुटांपर्यंत आणि कार्यक्रमाची दिशा सांगणाऱ्या पाटीला अवघे ६ चौरस फूट मिळत. वर ती पाटी कार्यक्रमाच्या बारा तास आधी लावायची आणि संपल्यावर तासाभरात काढायची. सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हा नियम रद्द ठरवला. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्राचा गाभा असा: पाटी कुठल्या वर्गात पडते हे कळण्यासाठी ती वाचावी लागत असेल, तर नियम मजकुरावर आधारलेला आहे आणि त्याला सर्वांत कडक कसोटी लागेल.

त्याच निकालाला जोडलेलं न्यायमूर्ती अलिटो यांचं छोटं टिपण मला मूळ निकालाइतकंच मोलाचं वाटतं. काय चालेल याची यादी त्यांनी दिली: पाटीचा आकार, ती कुठे आहे, स्वतंत्र उभी आहे की इमारतीला लावलेली, प्रकाशित आहे की नाही, मजकूर स्थिर आहे की सारखा बदलणारा, भोवताल व्यापारी आहे की निवासी. या सगळ्या गोष्टी पाटी न वाचता ठरवता येतात. फूटपट्टी हवी, डोळे हवेत. साहित्यसमीक्षा लागत नाही.

रीडनंतर अमेरिकेतल्या अनेक नगरांना नियमावल्या नव्यानं लिहाव्या लागल्या. कलाकृतीला दिलेली वेगळी सूट अनेकांनी गाळली, कारण कला कुठली आणि जाहिरात कुठली हे अधिकाऱ्याला ठरवावं लागेल. नॉरफोकसारख्या शहराचा नियम याच कारणानं २०१६ मध्ये अपील न्यायालयात कोसळला. २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं थोडी सैल भूमिका घेतली. पाटी त्याच जागेतल्या धंद्याची आहे की दुसरीकडच्या, हे समजायला ती वाचावी लागते, पण तेवढ्यानं नियम मजकुरावर आधारित ठरत नाही, असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं. मग शोभेच्या अंगांना सूट देणाऱ्या त्या जुन्या कलमाचं काय? अक्षरं नसावीत ही अट बहुधा टिकेल, कारण अक्षर आहे की नाही हे न वाचता दिसतं. व्यापारचिन्ह नसावं, ही अट डळमळीत आहे. 'शोभेची' हा शब्द तर सर्वांत कच्चा, कारण शोभा कशाला म्हणायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं.

इंग्लंडनं यातून वेगळी वाट काढली आहे. तिथल्या २००७ च्या जाहिरात नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या घडणीतच सामावलेल्या जाहिरातीला नियंत्रणातून वगळलं आहे, आणि तिथेच खुलासा केला आहे, की इमारतीला नुसती ठोकलेली किंवा तिच्यावर रंगवलेली गोष्ट घडणीत सामावलेली मानली जाणार नाही. दगडात कोरलेलं नाव सुटतं, दगडावर रंगवलेलं सुटत नाही. कॉनवेच्या मुलांचं चित्र या नियमात बसणार नाही, हे खरं. पण निदान अधिकाऱ्याला डोनट ओळखावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरानं २००६ साली 'सिदादे लिंपा', म्हणजे स्वच्छ शहर, हा कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून तो लागू झाला. महापौर जिल्बेर्तो कासाब यांच्या कारकिर्दीत शहरातली होर्डिंग उतरली आणि दुकानांच्या पाट्यांचा आकार दर्शनी रुंदीला बांधला गेला. दहा मीटरपेक्षा अरुंद दर्शनी भागाला दीड चौरस मीटर आणि त्याहून रुंद, शंभर मीटरच्या आतल्या भागाला चार चौरस मीटर. या कायद्याच्या आर्थिक बाजूवर वाद झाला, पण त्यानं एक गोष्ट निर्विवाद साधली: पाट्या उतरल्यावर खालचे जुने दर्शनी भाग, खिडक्यांच्या चौकटी, गिलाव्यातली नक्षी लोकांना परत दिसू लागली. त्या इमारती शहरात होत्याच, फक्त झाकलेल्या होत्या.

मुंबईत या प्रश्नाची कायदेशीर मुळं दिसतात त्याहून जुनी आहेत. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३२८ व्या कलमात आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या 'स्काय-साइन'वर बंधन आहे. त्याच कलमात सुटीही आहेत. झेंड्याची काठी आणि वारा दाखवणारा कोंबडा यांना सूट, जाहिरातीसाठी वापर होत नसेल तर. भिंतीच्या, कठड्याच्या किंवा कंगणीच्या डोक्यावर घट्ट बसवलेल्या फळीलाही सूट, मात्र ती सलग तोंडाची हवी, जाळीची नको, आणि भिंतीच्या वर तीन फुटांपेक्षा जास्त जाऊ नये. लंडननं याच विषयावर १८९१ साली स्वतंत्र कायदा केला होता. त्या काळच्या कायदा लिहिणाऱ्यांना कंगणी, कठडा, छपराचा कणा हे शब्द माहीत होते. त्यांची नजर इमारतीवर होती. पुढच्या काळात आपल्याकडची चर्चा होर्डिंगच्या भाड्यावर आणि परवान्यावर गेली, आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये १२० फूट लांब-रुंद होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेल्यावर ती सुरक्षिततेकडे वळली. महापालिकेची मर्यादा ४० फुटांची होती. ती चर्चा व्हायलाच हवी होती. तिच्या शेजारी दुकानाच्या पाटीचा प्रश्न मात्र बारीक आणि दुर्लक्षित राहिला.

दादाभाई नौरोजी रस्ता हा याला मोठा अपवाद. क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंतचा हा जुना हॉर्नबी रस्ता. १८९६ च्या सरकारी नियमानं इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवणं भाग पडलं, म्हणून गॉथिक, नवअभिजात आणि भारतीय धाटणीच्या इमारती एका सलग कमानींच्या ओळीत बांधल्या गेल्या. एका नियमानं रस्ता घडवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच कमानी बोर्डांखाली दिसेनाशा झाल्या होत्या. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी इथल्या इमारतींची नोंद केली आणि दुकानदारांशी बोलून पाट्या कुठे, किती आणि कशा लावायच्या याची आखणी केली. दुकानदारांची 'हेरिटेज माइल असोसिएशन' उभी राहिली आणि एकामागून एक बोर्ड कमानीच्या आत सरकले. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ साली या कामाची दखल घेतली गेली. त्याआधी १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली होती, देशातली पहिली. तिचा आधार होता, पण काम झालं ते दुकानदारांच्या संमतीनं.

एक कमान जवळून पाहू. दोन खांब, त्यांच्यावर कमानीचा अर्धगोल, मधोमध किल्लीचा दगड आणि अर्धगोलाच्या बाहेरून धावणारी कोरीव पट्टी. दुकानदाराला रुंद बोर्ड हवा असतो, म्हणून तो दोन खांबांच्या डोक्यांवर आडवा बसतो. अर्धगोल त्याच्यामागे जातो आणि रस्त्यावरून दिसतो तो चौकोनी खोका. बोर्ड धरायला दगडात लोखंडी खिळे जातात. मुंबईच्या खाऱ्या, ओल्या हवेत ते गंजतात; गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून दगडाची कपची उडवतं. बोर्ड बदलला की नवी भोकं पडतात. म्हणून संवर्धक म्हणतात, खिळा मारायचाच असेल तर दगडात न मारता दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात मारा, आणि तो न गंजणाऱ्या धातूचा असू द्या. चुना पुन्हा भरता येतो. एवढी एक ओळ प्रत्येक दुकानाच्या परवान्यात छापली गेली, तरी जुन्या फोर्टमधला किती दगड वाचेल! अलीकडे बोर्डही मागे पडला आणि ॲल्युमिनियमच्या चादरींनी अख्खा दर्शनी भाग मढवायची पद्धत आली. पुण्याच्या पेठांत, नाशिकच्या जुन्या बाजारात, कोल्हापुरात हे रोज दिसतं. लाकडी खांब, कोरलेले हस्त, गॅलरीचा कठडा, सगळं एका चकचकीत पत्र्यामागे. तो पत्रा पाटी आहे की बांधकाम, असं विचारलं तर सहसा नेमकं उत्तर मिळत नाही, आणि म्हणून त्याला कुणी अडवतही नाही.

इथे मराठी पाट्यांच्या नियमाचा विषय येतोच. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. देवनागरी मराठी नाव आधी आणि इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान अक्षरांत नाही, असा नियम सर्वच दुकानांना लागला. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. या नियमाला माझा मनापासून पाठिंबा आहे, आणि वारशाशी त्याचं भांडण आहे असं मला बिलकूल वाटत नाही. नियम तुलनेचा आहे. मोठ्या बोर्डाची मागणी तो कुठेच करत नाही. पण आखणी करणाऱ्याला एक अडचण खरोखर येते. रोमन कॅपिटल अक्षरं एका अरुंद दगडी पट्टीत नीट बसतात, कारण त्यांना वरखाली काही लागत नाही. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचं अंग. तेवढीच ठळक अक्षरं बसवायला पट्टी उंच लागते, आणि ती उंची बहुधा कमानीच्या किंवा कंगणीच्या जागेतून कापली जाते. यावर उपाय आहे: मागे फळी न ठेवता सुटी धातूची अक्षरं, मराठी नाव मधल्या कमानीत, इतर लिपी बाजूच्या काचेवर. चांगला अक्षररचनाकार हे सहज करून देईल. पालिकांनी असे दहावीस नमुने काढून दुकानदारांच्या हातात दिले, तर मराठीही नीट दिसेल आणि दगडही.

मुंबईच्या आर्ट डेको इमारतींवर नाव हाच अलंकार आहे. मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल, ओव्हल मैदानाजवळच्या इमारती, १९३८ चं इरॉस चित्रपटगृह यांच्यावरची अक्षरं गिलाव्याच्या रेषांबरोबरच घडवलेली आहेत. २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती या अक्षरांसकट. फोर्टमधल्या न्यू इंडिया ॲशुरन्सच्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांनी १९३६ च्या सुमारास कोरलेली कष्टकऱ्यांची उंच शिल्पं आहेत. त्यांत विम्याचं नाव नाही आणि इमारतीची ओळख मात्र तीच आहेत. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये घराचं नाव निळ्या रंगात रंगवलेल्या फरशीवर असतं आणि ती फरशी भिंतीत बसवलेली असते. नक्षी की पाटी हे अक्षरावरून ठरवणाऱ्या कलमाला या तिन्ही ठिकाणी काही अर्थ राहत नाही.

नियम करायचाच तर तो इमारतीच्या चित्रापासून सुरू व्हावा. दुकानदारानं अर्जाबरोबर दर्शनी भागाचा फोटो द्यावा आणि वॉर्ड ऑफिसनं त्यावर तीन गोष्टी आखाव्यात: कुठे काहीही लावता येणार नाही (कमान, कंगणी, शिल्प, खिडकी, कोरीव खांब), पाटीची पट्टी कुठून कुठपर्यंत, आणि ती भिंतीपासून किती पुढे येऊ शकते. त्या पट्टीत दुकानदार काय लिहितो, कुठलं चित्र काढतो, बेकरी आहे म्हणून पाव काढतो की डोंगर, हे पालिकेनं विचारू नये. पट्टीच्या बाहेर भिंतीवर चित्र काढायचं असेल तर त्याला आकाराची आणि जागेची मर्यादा असावी, विषयाची नको. जुन्या इमारतीच्या अंगात घडवलेलं जे आहे, चिन्ह असो वा नाव, ते जसंच्या तसं राहावं आणि त्याचं क्षेत्रफळ कुणाच्याही हिशेबात धरू नये. हे सगळं अमलात आणायला नवा कायदा लागत नाही. परवान्याच्या अटी आणि नमुन्याची एक पुस्तिका पुरेशी आहे.

एक प्रश्न मात्र या मोजमापातून सुटतो: प्रकाश. शोभेच्या अंगांच्या त्या जुन्या अमेरिकी कलमात दिव्यांचा उल्लेख आला तो निऑनच्या काळात. एम्पायर स्टेट बिल्डिंगला २०१२ साली एलईडी दिवे बसले आणि तेव्हापासून तिच्या माथ्याचा रंग कुणासाठी बदलायचा हा न्यूयॉर्कमध्ये चर्चेचा विषय आहे. दुबईच्या बुर्ज खलिफावर कंपन्यांची नावं उमटतात. आपल्याकडेही वारसा वास्तू रात्री रंगीत दिव्यांत न्हाऊ लागल्या आहेत. असा प्रकाश दगडाला भोक पाडत नाही, कमान झाकत नाही, फुटांत मोजता येत नाही. तरी कंपनीचं नाव तो संपूर्ण घुमटावर लिहू शकतो. त्याच्यासाठी नियमात वेगळी परिमाणं लागतील: किती वाजेपर्यंत, किती तेजाचा, किती सेकंदांनी बदलणारा, आणि वारसा वास्तूवर मुळात कुणाच्या परवानगीनं. यांतली पहिली तीन आकड्यांत लिहिता येतात, आणि चौथ्यासाठी मुंबईत वारसा समिती आधीपासून आहे.